वाचकांचे प्रश्न : निपाणीच्या मुलानं चाचणी कुठं द्यायची?

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा. घर निपाणीत, शाळा कोल्हापुरात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं म्हणून जन्मदाखला गडहिंग्लजचा. क्रिकेटची निवड चाचणी कर्नाटकात द्यायची की महाराष्ट्रात? बीसीसीआयला थेट विचारावं का? (एक पालक, निपाणी)

उत्तर : बीसीसीआयला पत्र पाठवून हाती काही लागणार नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही संघटनांची संघटना आहे. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवणं, त्यांचे नियम ठरवणं आणि खेळाडूंची कागदपत्रं तपासणं हे मंडळाचं काम. चौदा वर्षांचा मुलगा निवडते ती राज्य संघटना. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणून ती कर्नाटक स्टेट क्रिकेट असोसिएशनच्या (केएससीए) धारवाड झोनमध्ये येते. कोल्हापूर पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. जन्म, वास्तव्य आणि शिक्षण या तिन्ही आधारांवर संघटना पात्रता बघतात. तुमच्याकडे दोन आधार महाराष्ट्राचे आहेत आणि एक कर्नाटकाचा. म्हणजे दारं दोन्ही ठोठावता येतील, पण आत एकाच दारातून जायचं. एका वेळी दोन संघटनांकडे नोंदणी केली की ते कधी ना कधी उघडकीला येतं, आणि तेव्हा दोन्हीकडून नाव कापलं जातं.

आमचं मत विचाराल, तर मुलगा लीगचे सामने जिथं जास्त खेळेल तिथं नोंदवा. चाचणीच्या दिवशी नेटमध्ये फलंदाजाला मोजकेच चेंडू मिळतात. तेवढ्यावर निवड समिती फार काही ठरवत नाही, ती क्लबच्या स्कोअरबुकातल्या धावा आणि बळी बघते. मुलगा रोज कोल्हापूरला जात असेल तर तिथल्याच क्लबकडून खेळू द्या. पुढे कर्नाटकात यायचं झालं तर महाराष्ट्राचा ना हरकत दाखला आधी हातात घ्या. तो नसेल तर नवी संघटना नोंदणीच करत नाही. हंगाम तोंडावर आल्यावर अर्ज केला तर दाखला वेळेत मिळत नाही आणि ते वर्ष फुकट जातं. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीतच अर्ज टाका.

सीमाभागात खरी फसगत होते ती कागदांवर. जन्मदाखला मराठीत, शाळेचा दाखला कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग एका कागदावर ‘डीएन’नं सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जीएन’नं. कर्नाटकातल्या शाळेत कधी नुसती आद्याक्षरं लिहितात, तर महाराष्ट्राच्या दाखल्यात वडिलांचं नाव मधे असतं. तपासणाऱ्याच्या लेखी ही दोन वेगळी मुलं ठरतात. म्हणून आधी जन्मदाखल्यावरचं नाव पक्कं करा, मग त्याप्रमाणे आधार, आणि शेवटी शाळेचं रजिस्टर. उलट क्रमानं गेलात तर दर वेळी मागचा कागद पुन्हा दुरुस्त करत बसाल. कर्नाटकातला रहिवासी दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळतो. पहिलीच्या प्रवेशाचा उताराही काढून ठेवा. जन्मतारखेचा तो जुना पुरावा असतो आणि ऐन वेळी तोच मागतात.

प्रश्न : दाखला खरा असूनही मुलाची हाडाची चाचणी का घेतात? (खानापूर)

उत्तर : कारण खोटे दाखले फार निघाले. सोळा वर्षांखालील मुलांसाठी मंडळ टीडब्ल्यू-3 पद्धत वापरतं. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात, वाढीच्या जागी हाडं किती जुळून आली आहेत ते पाहतात आणि हाडांचं वय काढतात. मुलग्यांचं ते 16.4 किंवा त्याखाली असावं लागतं, पंधरा वर्षांखालील मुलींचं 14.9 किंवा त्याखाली. वय मोजायची तारीख 1 सप्टेंबर.

अडचण अशी की हाडांचं वय आणि जन्माचं वय यांत फरक असू शकतो. लवकर वयात येणारा, दाढी-मिशा फुटलेला मुलगा खऱ्या दाखल्यावरही बाद होतो. पूर्वी एका हंगामातल्या निकालात एक वर्ष मिळवून पुढच्या हंगामाचं वय धरत. त्या बेरजेनं जो बाहेर जाईल त्याची पुन्हा चाचणी घ्यायचं मंडळानं 2025 मध्ये ठरवलं. ही सुधारणा रास्त आहे, कारण हाडं कॅलेंडर बघून वाढत नाहीत. बाद झालेल्या मुलाची कारकीर्द मात्र संपत नाही. एकोणीस वर्षांखालचा गट पुढे असतोच. तिथं गाठ पडते जन्मनोंदणीच्या तारखेशी. जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झाली असेल तर त्या गटात किती वर्षं खेळता येईल यावर मर्यादा घालण्याचं मंडळानं 2020 मध्ये जाहीर केलं. त्याच वेळी वय चोरणाऱ्याला दोन वर्षांची बंदीही जाहीर झाली. एजंट ‘तारीख मागं करून देतो’ म्हणाला तर त्याला चहाही पाजू नका.

प्रश्न : महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. म्हणजे मंडळ राज्याची हद्द मानत नाही. मग बेळगाव महाराष्ट्राच्या संघटनेला का जोडत नाहीत? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : प्रश्न चोख आहे. एका राज्यात तीन संघटना चालतात, कारण त्या जुन्या आहेत. गुजरातेतही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र अशा तीन आहेत. मंडळाचा कारभार सुधारायला सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीनं ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं होतं, म्हणजे एका राज्यातून एकाच संघटनेला मताचा हक्क. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये ते मान्य केलं आणि 9 ऑगस्ट 2018 ला मागं घेतलं, तेव्हा या संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत मिळालं. पण एका राज्याचे तुकडे करणं वेगळं आणि दुसऱ्या राज्यातला जिल्हा आपल्याकडे ओढणं वेगळं. बेळगाव 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेलं आणि आज क्रिकेटचा कारभारही त्याच राज्याच्या संघटनेकडे आहे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत मुलाला घरी बसवण्यात अर्थ नाही. आणि मैदान आपल्याकडे चांगलं आहे, ऑटोनगरचं केएससीएचं.

प्रश्न : गल्लीच्या हाफपिच टेनिस बॉल स्पर्धेला बीसीसीआयची परवानगी लागते का? (वडगाव)

उत्तर : नाही. मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची, एवढं पुरे. रात्री दहानंतर कॉमेंट्री बंद. सांभाळायचं ते नोंदणीकृत लेदर बॉल खेळाडूंनी. मंडळाची किंवा राज्य संघटनेची मान्यता नसलेल्या, पैशांच्या लेदर बॉल लीगमध्ये उतरलात तर कारवाई होऊ शकते. मंडळाची मान्यता नसलेल्या इंडियन क्रिकेट लीगला (आयपीएल नव्हे) गेलेल्यांवर 2007 मध्ये मंडळानं बंदी घातली होती, ते आठवत असेल.

प्रश्न : निवडीत अन्याय झाला तर दाद कुठं मागायची? मंडळ सरकारी आहे का? (चिकोडी)

उत्तर : सरकारी नाही. 1928 मध्ये स्थापन झालेली, तमिळनाडूत नोंदवलेली ती सोसायटी आहे. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला ‘राज्यसंस्था’ मानायला नकार दिला, पण ती सार्वजनिक काम करते म्हणून राज्यघटनेच्या 226 व्या कलमाखाली हायकोर्टात जायची वाट खुली ठेवली. आपल्याला धारवाडचं खंडपीठ जवळ. तिथं जाण्याआधी झोनच्या कन्व्हेनरकडे आणि नंतर राज्य संघटनेच्या लोकपालाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत ‘राजकारण झालं’ असं मोघम लिहू नका. सामना, तारीख, धावा आणि डावललेल्या नियमाचा क्रमांक लिहा. ‘माझा मुलगा त्याच्यापेक्षा चांगला खेळतो’ यावर कुठलंही कोर्ट निकाल देत नाही. नियम मोडला असेल तरच ऐकून घेतं.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यांचाच लेदर बॉल द्यावा का? (नंदगड)

उत्तर : देऊ नये. मोठ्या पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालच्यांसाठी एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लब) नियमांत 133 ते 144 ग्रॅमचा आहे. हे नियम लंडनच्या एमसीसीचे आहेत, मंडळ ते फक्त लागू करतं. मोठा चेंडू लहान मुठीत नीट बसत नाही. फिरकी टाकणारा मग बोटांऐवजी सगळा हात फिरवतो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. घेताना डब्यावर वजन छापलंय का ते बघा. नसेल तर सोनाराच्या काट्यावर घाला.