एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराची) लक्षणं ओळखायला स्पेशालिस्ट नर्सची नेमकी काय मदत होते?

पेशंट आपणहून जे सांगत नाही, ते ती बोलतं करून काढून घेते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पाय बधिर झाला की लोक लगेच सांगतात. लघवीची घाई, विसरभोळेपणा, लैंगिक अडचणी मात्र संकोचापोटी राहून जातात. ‘थकवा येतो’ एवढ्यावरही ती थांबत नाही. रात्री लघवीला किती वेळा उठता, पाय आखडून झोपमोड होते का, मन उदास असतं का, हे खोदून विचारते, कारण उपाय त्यावरच ठरतो.

शिवाय जुना त्रास अचानक वाढला म्हणजे एमएसचा नवा अटॅकच आला असं नाही. ताप, उकाडा किंवा लघवीतल्या इन्फेक्शननेही तसं होतं, म्हणून आधी लघवी तपासतात. नवा त्रास 24 तासांहून जास्त टिकला तर मात्र लगेच कळवा. निदान अर्थातच न्यूरॉलॉजिस्ट करतात.