इटालियन वाइन: आधी धाकटी, मग थोरली

ऑक्टोबरअखेर चार दिवस तोरिनो, चार दिवस फ्लोरेन्स, आणि येताना दोन भारी बाटल्या आणायच्यात. कोणत्या आणू, असा तुमचा प्रश्न. सोबत यादी: बरोलो, ब्रुनेल्लो, अमारोने, सास्सिकाया. यादी चांगली आहे, पण आठ दिवसांत ती सगळी चाखलीत तर शेवटी किमतीच लक्षात राहतील. मी नोकरीनिमित्त तोरिनोत सात वर्षं काढली. माझं मत विचाराल तर दोनच द्राक्षं धरा: तोरिनोच्या बाजूचं नेब्बिओलो आणि फ्लोरेन्सच्या बाजूचं सांजोवेझे.

आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी सुट्टीवर येताना नुकतीच बाजारात आलेली बरोलो घेऊन आलो. ऐन मे महिन्यात, पुण्यात, मटणाच्या झणझणीत रश्शासोबत उघडली. काकांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "हिरड्याचा काढा आहे का रे?" काकांचं काही चुकलं नव्हतं. बरोलो ज्या द्राक्षाची, त्या नेब्बिओलोचा रंग कोकम सरबताइतका फिका असतो, वास गुलाबाचा येतो, आणि मग तोंडात असा तुरटपणा पसरतो की हिरड्या आवळतात. त्यावर तिखट पडलं की तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्तच बोचतात. वरून बाटली खोलीच्या तपमानाला होती, म्हणजे पुण्यातल्या मे महिन्याच्या. ही वाइन १६ ते १८ अंशांना प्यायची असते.

म्हणून माझा नियम: थोरलीच्या आधी धाकटीची ओळख करून घ्या. बरोलो म्हणून विकायची तर द्राक्ष शंभर टक्के नेब्बिओलो हवं, तेही ठरलेल्या ११ गावांतलं, आणि वाइन किमान ३८ महिने मुरवलेली हवी, त्यातले १८ महिने लाकडात. त्याच मळेवाल्याची 'लांगे नेब्बिओलो' मात्र कमी मुरवलेली, कोवळी आणि बरीच स्वस्त असते. पुष्कळदा ती त्याच उतारांवरच्या तरुण वेलींची असते. ती आवडली तरच थोरलीवर पैसे घाला. फ्लोरेन्सच्या दक्षिणेला, ब्रुनेल्लोच्या मोंताल्चिनो गावातही असंच आहे. ब्रुनेल्लो काढणीनंतर पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी विकता येत नाही, पण त्याच घरची 'रोस्सो दि मोंताल्चिनो' तुम्हाला कितीतरी आधी मिळते. दोन्हींत द्राक्ष सांजोवेझेच, शंभर टक्के.

तोरिनोहून एक दिवस काढून बरोलोजवळच्या आल्बाला जाच. त्या दिवसांत पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरलेला असतो, हॉटेलं महाग असतात, त्यामुळे संध्याकाळी परत फिरा. सकाळी टेकड्या धुक्यात असतात. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया', आणि द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक जण सांगतात. बरोलो गावातल्या किल्ल्यात सरकारमान्य वाइन-दालन आहे, तिथे पेल्यावर वाइन मिळते. ला मोर्रा गावची एक आणि सेर्रालुंगाची एक, शेजारी शेजारी ठेवून प्या. दोन्ही गावं बरोलोच्याच मुलखातली, द्राक्ष तेच, पण माती वेगळी. ला मोर्राची वाइन लवकर खुलते, सुगंधी असते. सेर्रालुंगाची कडक, दहा वर्षं थांबायला लावणारी. इटलीत प्रदेश म्हणजे काय ते या दोन पेल्यांत जितकं कळतं तितकं कुठल्याही नकाशातून कळत नाही.

या भागात पिंपांवरून घरं फुटलीत. आधीची पिढी मोठ्या जुन्या पिंपांत वाइन मुरवायची. ऐंशीच्या दशकात तरुणांनी छोटी नवी फ्रेंच पिंपं आणली. त्यांच्यातल्याच एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची पिंपं चक्क यांत्रिक करवतीने कापली आणि वडिलांनी त्यांना वारसातून बाद केलं. मला स्वतःला जुन्या पिंपांची वाइन आवडते. नव्यातली कधीकधी व्हॅनिलाचा केक वाटते. दुकानदाराला 'बोत्ते ग्रांदे', म्हणजे मोठं पिंप, असं सांगितलंत तर तो बरोबर काढून देईल.

फ्लोरेन्सला असताना मोंताल्चिनोचा हट्ट सोडा, गाडीशिवाय दिवस फुकट जातो. बस पकडून जवळच्या ग्रेवेला जा आणि बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असलेली, सांजोवेझेचीच क्यांती क्लासिको प्या. या मुलखाची हद्द १७१६ मध्येच ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांनी आखून दिली होती. तयारी म्हणून निघण्याआधी अकलूजच्या 'फ्रटेली' या वाइन कंपनीची सांजोवेझे घरीच चाखून बघा. सोलापूरच्या उन्हात तेच द्राक्ष कसं पिकतं हे लक्षात राहिलं की तिकडचा आंबटपणा चटकन कळेल.

सास्सिकायाचं म्हणाल तर नाव मोठं, पण मुख्य द्राक्ष फ्रेंच, काबर्ने सोव्हिन्यों. नियमात बसत नव्हती म्हणून ती अनेक वर्षं कागदोपत्री 'टेबल वाइन' होती. तेव्हा बाटलीवरच्या 'डीओसीजी' पट्टीला, म्हणजे इटालियन वाइनच्या सर्वांत वरच्या सरकारी दर्जाच्या खुणेला, चवीचा दाखला समजू नका. नियम पाळले, एवढंच ती सांगते.

अमारोने मात्र आपल्याला पटकन समजते, कारण तासगावचे बेदाण्याचे शेड आपण पाहिलेत. व्हेरोनाजवळ घड तसेच रॅकवर वाळवतात, पण बेदाणा होऊ देत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा वजन उतरलं, हिवाळा लागला, की गाळतात. त्यामुळे ती दाट आणि १५-१६ टक्क्यांची जड होते. या फेरीत व्हेरोना नाही, तेव्हा सोडा. सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या लाव्ह्यावरची नेरेल्लो मास्कालेझे आणि दक्षिणेकडच्या कांपानियाची ताउराझी या वाइन पुढच्या खेपेला.

आता बाटल्या. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच. एक बार्बारेस्को घ्या, बरोलोची शेजारीण, तेच द्राक्ष. १९५८ मध्ये एका पाद्रीबाबांनी १९ शेतकरी कुटुंबांना एकत्र करून काढलेली 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही सहकारी संस्था आजही ती रास्त भावात विकते. सहकाराचं नाव काढल्यावर आपल्याकडे साखर कारखाने आठवतात, पण ही वाइन अव्वल आहे. दुसरी ग्रेवेत जी मनापासून आवडेल ती क्यांती. दोन्ही कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. क्यांती आल्या आल्या उघडा. बार्बारेस्को जानेवारीपर्यंत कपाटातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात आडवी ठेवा, प्यायच्या दोन तास आधी उघडा, आणि त्या दिवशी मटण करणार असाल तर सफेद करा, तेही मिरची बेताने घालून.