गणपतराव देशमुख सांगोल्यातून (सोलापूर जिल्हा) अकरा वेळा आमदार म्हणून कसे निवडून आले? नव्या आमदारानं त्यांच्याकडून काय शिकावं?

आधी एक दुरुस्ती. 'सलग अकरा वेळा' असं जे मोबाईलवर फिरतं ते चूक आहे. आबासाहेब (गणपतरावांना आम्ही हेच म्हणतो) दोनदा पडले. १९६२ आणि ६७ ला आले, १९७२ ला काकासाहेब साळुंखे यांच्याकडून हरले, साळुंखेंच्या निधनानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग ७८, ८०, ८५, ९०. आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून (तेच, 'काय झाडी'वाले) १९२ मतांनी पडले. त्यानंतर ९९, २००४, २००९, २०१४. मोजून घ्या, अकरा भरतात.

तो १९२ चा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. त्यातलं एक मत माझं होतं. म्हणजे नव्हतं, हीच अडचण.

तेव्हा मी भोसरीत एका वर्कशॉपला होतो, राहायला अक्काकडे. दहा बाय बाराची खोली, त्यात मी, अक्का, दाजी आणि दाजींचा धाकटा भाऊ. चौघांचीही नावं सांगोला तालुक्यातल्या मतदार यादीत. नाना (माझे वडील) जुने शेकापवाले, म्हणजे आबासाहेबांच्या शेतकरी कामगार पक्षाचे, घरात देवांच्या शेजारी पक्षाचा लाल बावटा घडी करून ठेवणारे. मतदानाच्या आठ दिवस आधी त्यांचं कार्ड आलं, मजकूर एकच ओळ: चौघं या. मी सुट्टी सांगितली, एक रोज बुडणार होता तो बुडवायची तयारी केली. पिशवी भरली. अक्कानं आईसाठी दोन पातळं आणि चहाची पूड दिली होती, तीही वर ठेवली. रात्रीच्या एसटीनं निघायचं होतं. जेवताना दाजी म्हणाले, "आरं, म्हातारं दर टायमाला निघतंय. तुझ्या एका मतानं काय होतंय? तिकिटाच्या पैशात पोरीचा दवाखाना होईल."

भाची खरंच आजारी होती, हे कबूल करतो. पण तिला घेऊन बसायला एक माणूस पुरला असता. आम्ही चौघंही थांबलो. पिशवी दोन दिवस तशीच दाराला टांगलेली होती.

निकाल एसटीडी बूथवरून कळला. गावातल्या दुकानदाराच्या फोनवर नानांना बोलावून घेतलं. त्यांनी आकडा सांगितला आणि विचारलं, "तिकिटाला पैसे नव्हते का?" मी काही बोललो नाही. दिवाळीला गेलो तर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं १९२ लिहिलेलं. खाली चार उभ्या रेघा. दर पाडव्याला आई भिंत सारवायची, नाना पुन्हा लिहायचे. ९९ ला आबासाहेब आले तेव्हाच ते थांबलं.

आता तुमचा प्रश्न. एसटीनं फिरणारा आमदार, साधी राहणी वगैरे गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यामुळे कुणी पन्नासहून जास्त वर्षं आमदार राहत नाही. साधी माणसं आमच्या गावात पैशाला पासरी मिळतील, त्यांना कुणी सरपंचही करत नाही. आबासाहेब वकील होते, कायदा आणि सरकारी कागद त्यांना वाचता येत होता, आणि ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथं त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून नीट चालवली. इतरांच्या गिरण्या कर्जात बुडाल्या त्याच काळात. गिरणीत लागलेल्या माणसाचं घर पुढच्या तीन निवडणुका हलत नाही. शिवाय पक्ष. शेकाप राज्यात आटत गेला तरी सांगोल्यात वाडीवस्तीवर माणूस होता, आणि तो माणूस नानांसारखा होता, मोबदला न मागणारा. आबासाहेब दोनदाच मंत्री झाले, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासरावांच्या. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. तिथं बसून निधी ओढायचा तर तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून चर्चा घडवणारी) हीच हत्यारं, आणि ती चालवायला अभ्यास लागतो. नव्या आमदारानं शिकायचं असेल तर हे शिकावं. फाटका सदरा घालून फोटो काढू नये.

दाजींना हे पटत नाही. आजही नातेवाईकांच्या ग्रुपवर कुणी आबासाहेबांचा फोटो टाकला की त्यांचं सुरू होतं: "साधेपणानं पाणी येतंय का? तुम्ही साधेपणाला मत दिलं, मी कामाला दिलं असतं." दिलं असतं! ज्या माणसानं तेव्हा मतच दिलं नाही तो हे म्हणतो. पाणी उशिरा आलं हे खरं आहे. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची वाट बघण्यात आमची एक पिढी म्हातारी झाली. पण स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषदा कोण भरवत होतं? आणि दाजींची गावाकडची डाळिंबाची दोन एकर बाग रोजगार हमीतल्या फळबाग योजनेतली आहे, १९९० ला निघालेल्या. खड्ड्यांपासून रोपांपर्यंत अनुदान. योजना राज्याची होती, आबासाहेबांची नव्हे, एवढं मान्य. तरी आमच्या माळावर ती रुजली त्यात शेकापच्या पोरांची धावपळ होती, दाजींचा अर्ज नानांनीच भरला होता. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा मात्र दाजींनी दोष बरोबर आमदाराला दिला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आबासाहेब धनगर समाजाचे आणि तालुक्यात समाजाची मतं मोठी आहेत, हे वगळलं तर उत्तर खोटं होईल. पण ७२ ला आणि ९५ ला समाज तेवढाच होता. आणि दाजींचा एक मुद्दा मी खोडू शकत नाही: एवढ्या वर्षांत दुसरा माणूस तयार झाला नाही. २०१९ ला आबासाहेब थांबले, नातू अनिकेत उभा राहिला, ७६८ मतांनी शहाजीबापूंकडूनच पडला. २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब निवडून आला. लाल बावट्याच्या पक्षात वारसा घरातच राहिला, हे नानांनाही रुचलं नसतं. ते २०१२ ला गेले.

२०१४ ला आबासाहेब अठ्ठ्याऐंशीच्या घरात होते. त्या वेळी मी दाजींना स्वतः स्वारगेटला नेऊन एसटीत बसवलं, तिकीट मी काढलं, त्यांच्या गावच्या शाळेबाहेर उभा राहून बोटाची शाई बघितली. आबासाहेब सुमारे पंचवीस हजारांनी आले. परतीच्या गाडीत दाजी म्हणाले, "बघ, आपण नसतो आलो तरी चाललं असतं."