ताप आलाय, चादरीत गुंडाळू का?

प्रश्न: डॉक्टरताई, मुलगी 2 वर्षांची, वजन 11 किलो. काल रात्रीपासून 102 ताप, सर्दी पण आहे. सासूबाई म्हणतात सोलापुरी चादरीत गुंडाळ, घाम आला की उतरतो. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर: अगं, चादर आधी काढ. ताप म्हणजे शरीर जंतूंशी लढतंय, बहुतेकदा साधा व्हायरलच असतो, पण गुंडाळलं की उष्णता आतच अडकते आणि आपल्याकडच्या या उन्हाळ्यात तर लेकरू अजूनच तापतं. सुती झबलं घाल, पंखा चालू ठेव, पाणी, पेज, जे घेईल ते थोडं थोडं दे. पॅरासिटामॉल किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे तिला एका वेळी 110 ते 165 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये 4 ते 6 तास जाऊ देत, दिवसात 4 डोसपेक्षा जास्त नको. बाटलीवरचा आकडा नीट वाच हं, 5 मिलीत 125 मिलिग्रॅमवाली वेगळी, 250 वाली वेगळी, इथंच घोळ होतो. ॲस्पिरिन अजिबात नाही, घरात उरलेलं अँटिबायोटिक पण नाही.

थर्मामीटरपेक्षा तिच्याकडे बघ. ताप उतरल्यावर खेळते का, शू होते का? सुस्त पडली, धाप लागली, झटका आला, 8 तास शू नाही, तर रात्र असली तरी दवाखान्यात ने. 3 दिवसांनी ताप तसाच असेल तरी दाखव. आणि 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 जरी आला तरी लगेच दाखवायचं, घरी औषध देत बसायचं नाही.