लाँच टॉवरवर (अम्युझमेंट पार्कातली, उंच खांबावर सीट वर उडवणारी राइड) पहिल्यांदा बसतोय? मग ऐक भो

जळगावहून पार्कला रात्रभर गाडीत हलत जाशील, उतरल्या उतरल्या तर्रीवाली शेवभाजी हाणून लायनीत लागू नको, पोट हलकंच ठेव. ही राइड पाळण्यासारखी हळूहळू चढत नाही रे, बहुतेक टॉवरला दाबलेल्या हवेच्या जोरावर सीट एकदम वर फेकतात, म्हणून डोकं मागे टेकवूनच बस, खाली बघायला वाकला की मान आखडलीच समज. खरी मजा टोकाला, तिथे क्षणभर अंग सीटवरून सुटल्यासारखं होतं, तेव्हा श्वास रोखू नको, बिनधास्त ओरड (सगळेच ओरडतात). मोबाईल, चष्मा, चप्पल खालीच. हार्टचा नाहीतर पाठीचा त्रास असेल तर नकोच. ऑपरेटर चेक करतो, तरी खांद्यावरचा बार स्वतः हलवून बघ.