४० टक्क्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड घरी बनवायचाय. पीसीबी डिझाइन करू की हातानं वायरिंग?

पीसीबीचं, म्हणजे छापील सर्किट बोर्डाचं नंतर बघू, आधी ते ४० टक्क्यांचं, म्हणजे चाळीसेक कळांचं खूळ डोक्यातून काढा.

परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, जाहीर नोटिसा, दिवसभर इनस्क्रिप्टच, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कळरचना. टेबलावर जागा नाही म्हणून ६१ कळांचा कीबोर्ड हातानं बांधला. दिवाळीला पुण्याहून मेहुणा आला, आयटीत आहे. माझ्या कीबोर्डाखालचं वायरींचं जाळं बघून म्हणाला, "दाजी, हा तर जुगाड आहे. आणि एवढ्या कळा कशाला? लेअर वापरा की." त्याचा ४२ कळांचा, चकचकीत, रेडिमेड.

म्हटलं, बस आणि "मराठवाडा कृषी विद्यापीठ" टाइप कर. ठ सापडला, तो एंटरशेजारच्या कळीवर शिफ्टमध्ये असतो. पण ड असतो पीच्या उजवीकडच्या चौकटी कंसावर. ती कळच नाही! कृषीतला ृ बरोबरच्या चिन्हावर, म्हणजे आकड्यांच्या ओळीत. ती ओळही नाही. "डॉक्टर" लिहायला सांगितलं असतं तर ॉसुद्धा गायब. लेअरमध्ये, म्हणजे एक कळ दाबून ठेवली की बाकीच्यांचा अर्थ बदलतो त्यात, टाकता येतं हो सगळं, पण आमच्या भागात वाडी, तांडा, पेडगाव, दर दोन ओळींना ड येतो. प्रत्येक वेळी अंगठा दाबून ठेवायचा? पोरगं गप्प बसलं, पण मान्य केलं नाही.

तर वायरिंग हातानंच करा. पीसीबी कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो, पण बहुतेक कारखाने किमान पाच नग देतात. उरलेले चार कुणाच्या गळ्यात मारणार? ६० टक्क्यांना, म्हणजे माझ्यासारख्या ६१ कळांना, ५ ओळी आणि १४ स्तंभ, म्हणजे कंट्रोलर बोर्डाच्या १९ पिना लागतात. प्रो मायक्रो या बोर्डाला १८ च आहेत, म्हणून रास्पबेरी पाय पिको घ्या, तिला २६ मिळतात. प्रत्येक स्विचला एक १एन४१४८ डायोड, सगळ्यांची काळी रेघ एकाच दिशेला. क्यूएमके हे फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकलं की झालं. कीबोर्ड फक्त कळीचा नंबर पाठवतो, देवनागरी विंडोज करतं, त्यामुळं फर्मवेअरमध्ये मराठी शोधत बसू नका.

स्विच बसवायची प्लेट नेमप्लेट-ट्रॉफीवाल्याकडून लेझरवर कापून घेतली. त्याच्याकडं ३ मिमीचंच अॅक्रिलिक होतं. स्विचची खाच १.५ मिमीलाच पकडते, जाड शीटमध्ये कळीचं टोपण काढताना अख्खा स्विच वर येतो. मी ग्लू गननं चिकटवलेत, अजून हललेले नाहीत. भोक १४ मिमीचं लागतं, पण ड्रॉइंगमध्ये १३.९ द्या, थोडं लेझर खातं. दोन कळांचे मध्य १९.०५ मिमीवर.

आता, तुम्ही नुसतं इंग्रजीत कोडच लिहिणार असाल, किंवा मराठी रोमन अक्षरांतून टाइप करत असाल, तर ४० टक्के पुरतात. मेहुण्याला ही सूट मी अजून दिलेली नाही.