उशाखालचं बायबल

प्रश्न : बाळाला ताप आला की सासूबाई त्याच्या उशाखाली बायबल ठेवतात. दारावर क्रूस आहे, शेजारी लिंबू-मिरचीही! बोलले की वाद. ही मूर्तिपूजाच ना?
– एक सून, श्रीरामपूर

उत्तर : ताई, लिंबू-मिरची उतरवायचीच, फक्त सासूबाईंनी आपल्या हातानं उतरवली तर बरं. उशाखालच्या बायबलाचं जरा अवघड आहे. बायबलातलीच गोष्ट बघा : रानात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे यानं पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून (गणना 21). साप चावलेली माणसं त्याच्याकडे पाहून वाचली. पण पुढं लोक त्याच्यापुढंच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला (2 राजे 18:4). मोशेच्या हातची वस्तू फोडायची म्हणजे राजानंही घरोघरची बोलणी खाल्ली असणार!

तुम्ही काही फोडू नका. आज रात्री ते बायबल उशाखालून काढून सासूबाईंच्याच हाती द्या, त्यातलं स्तोत्र 121 बाळाजवळ बसून मोठ्यानं वाचायला सांगा. चष्मा सापडत नसेल तर तुम्ही वाचा. आणि ताप उतरत नसेल तर आधी डॉक्टर गाठा. वाद काय, नंतरही घालता येईल.